ओहोटीनंतरची उजळणी

५ ऑक्टोबर, रविवार

जिंकले. आधी हे लिहून टाकते, बाकीचं मग.

सहा वर्षं चित्रांच्या पत्त्यांचा हा खेळ खेळतेय, पण ज्या दुकानात आम्ही दर रविवारी खेळतो तिथली शरद स्पर्धा आज पहिल्यांदा जिंकले. आता सोळा नोव्हेंबरला हिरोशिमाच्या प्रादेशिक स्पर्धेत मात्सुएच्या या दुकानातर्फे मी जाणार. फुकुमा चिझुरु, वय चव्वेचाळीस, दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणारी बाई. दुकानदार नागामींनी भिंतीवरच्या पाटीवर माझं नाव लिहिलं, तेही एक अक्षर चुकवून, मग पुसून पुन्हा लिहिलं.

अंतिम सामना कादोवाकी-सानांशी झाला. ते त्रेसष्ट वर्षांचे आहेत, शाळांना जेवण पोचवणारी गाडी चालवतात आणि दुकान उघडल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दर रविवारी येतात. या खेळात ज्याने त्याने आपापले पत्ते जमवून आणायचे असतात; त्यांचे सगळे समुद्रातल्या जीवांचे. एकेक जीव ते टेबलावर मांडत जातात, खेळण्यातल्या बाहुल्या नीट लावाव्यात तसे, आणि मग सगळ्यांना एकदम अंगावर सोडतात. मी बरोबर उलटी. मी काही मांडत नाही. गुपचूप मार खाते आणि अगदी गळ्याशी आलं की ‘ओहोटी’ टाकते. ओहोटी पडली की टेबलावरचे दोन्ही बाजूंचे सगळे जीव मरतात. होनोका, आमच्यातली कॉलेजात जाणारी मुलगी, म्हणते, “फुकुमा-सान म्हणजे सगळ्यांची पानं वाढून झाली की खालची चादर ओढणारी बाई.” खेळच तसा आहे माझा, त्याला मी काय करू.

आज माझ्या सात दिव्यांपैकी एकच पेटता उरला होता. तो विझला की मी हरले. त्यांच्याकडे पाच जीव: कासव, दोन खेकडे, वाम, देवमासा. मी पत्ता ओढला आणि आली ओहोटी. टाकली. त्यांनी पाचही पत्ते गोळा करून स्मशानात ठेवले (मेलेल्या पत्त्यांच्या ढिगाला आम्ही स्मशान म्हणतो). त्यानंतर चार डावांत संपलं.

त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “सुंदर. चला, उजळणी करू.” तरुणपणी ते शोगी, म्हणजे आमच्याकडचं बुद्धिबळ, खेळायचे, तिथली ही रीत त्यांनी आमच्या दुकानात आणली आहे. सामना झाला की दोघांनी पत्ते पुन्हा तसेच मांडायचे आणि कुठे काय चुकलं ते मिळून बघायचं. आम्ही सगळेच आता करतो. आज मला बसची घाई होती, म्हणून राहून गेलं. बस दर वीस मिनिटांनी असते खरी, पण मी फार दमले होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामावर साहेबांनी केक आणला. पत्त्यांच्या स्पर्धेत जिंकले म्हणजे नेमकं काय केलं, ते त्यांना दोनदा समजावून सांगितलं. “म्हणजे तुम्ही सगळ्यांना मारता?” म्हणाले. मी म्हटलं, माझे मेले तरी चालतात, म्हणून जमतं. ते हसले.

केक अर्धा टाकून दिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एक गोष्ट लिहायची राहिली. तशी बारीकच आहे.

कादोवाकी-सानांच्या पाच जीवांत कासव होतं. त्या कासवावर लिहिलंय की ते मेलं, की मालकाने आपल्या स्मशानातला एक जीव परत टेबलावर ठेवायचा. हे मर्जीवर नाही, सक्ती आहे. म्हणजे ओहोटीनंतर त्यांचा देवमासा परत यायला हवा होता. ते विसरले. कासव पहिल्याच डावात मांडलेलं, नंतर कोणी त्याला हात लावला नाही, आणि पाच पत्ते एकदम गेल्यावर माणूस एकेकाचं कुठे वाचत बसतो.

मला घरी जाताना बसमध्ये आठवलं. तोवर निकाल वरती पाठवून झाला होता.

सक्तीच्या गोष्टी दोघांनीही लक्षात ठेवायच्या असतात असा नियम आहे. पण दोघंही विसरले तर दोघांची चूक, अर्धी अर्धी. शिवाय ते माझ्यापेक्षा पाच वर्षं जुने खेळाडू.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुकानात गेले. न जाणं वाईट दिसलं असतं.

कादोवाकी-सान आधीच येऊन बसले होते. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “फुकुमा-सान, तेवढी उजळणी राहिलीय हं आपली. आठवडाभर डोक्यात तेच फिरतंय. गाडी चालवताना दोनदा शाळेच्या पुढे गेलो.”

“आज मान आखडलीय हो,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी.”

“मग निदान एवढं सांगा, माझे पाच कोणते होते? खेकडे तीन होते की दोन, तेच आठवेना. तुम्ही वहीत लिहून ठेवता ना?”

“बघून सांगते.”

वही पिशवीतच होती.

ते होनोकाला समजावत होते, “चूक माझीच. चार जीव मांडल्यावर थांबायला हवं होतं. समोर फुकुमा-सान बसलेल्या आणि मी पाचवा मांडला. हावरेपणा, दुसरं काय. दोन हातात राखून ठेवले असते तर ओहोटीनंतर पुन्हा उभा राहिलो असतो.”

होनोका म्हणाली, “पण काका, त्यांचा एकच दिवा होता. मी तर सहावा पण मांडला असता.”

“तुझं वय आहे मांडण्याचं.”

मी पत्त्यांची कव्हरं पुसत बसले. स्वच्छच होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज कादोवाकी-सान तिन्ही सामने हरले. आता ते एका वेळी दोनच जीव मांडतात. बाकीचे हातात धरून बसतात, जणू कोणी हिसकावून घेणार आहे. होनोकासारखी पोर, जिच्याकडे ओहोटी नाही, दुसरंही तसलं काही नाही, तिने त्यांना सहा डावांत झोपवलं.

ती चिडली. “काय चाललंय काका? मी काय फुकुमा-सान आहे? मांडा ना सगळं. तुम्ही असे खेळायला लागलात तर हरवण्यात काय मजा?”

“उशिरा का होईना, अक्कल आली,” ते म्हणाले आणि माझ्याकडे मान वळवून हसले. “डोळे उघडले माझे यांनी.”

नागामींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, एप्रिलपासून जुन्या संचातले पत्ते अधिकृत स्पर्धांतून बाद होणार. त्यात कासव आहे, देवमासा आहे, खेकडेही आहेत. कादोवाकी-सानांचं जवळजवळ सगळंच. दुसरी, हिरोशिमाला कोणाला जमणार नसेल तर एक तारखेला दुकान बंद व्हायच्या आत कळवायचं, म्हणजे दुसरा आलेला जाईल.

“मला जमतंय,” मी म्हटलं. कोणी विचारलंही नव्हतं.

कादोवाकी-सान टाळ्या वाजवल्यासारखे हात जोडून म्हणाले, “जमायलाच हवं. एकदा तरी ते मोठं सभागृह बघायची माझी फार इच्छा होती, या पत्त्यांना घेऊन. आता तुम्ही बघा आणि येऊन सांगा.”

मी होकार दिला. मला लाज वाटली, असं इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

सर्दी आहे म्हणून आज गेले नाही. सर्दी नाही.

नऊ तारखेचं वरचं वाचलं. बसमध्ये आठवलं, असं लिहिलंय. हे खोटं आहे. माझ्याच वहीत मी माझ्याशी खोटं बोलले आणि वर नियम सांगितला, अर्धी अर्धी चूक म्हणे. आता जसं झालं तसं लिहिते.

ओहोटी हातात आली तेव्हा पहिल्यांदा मी कासवाकडेच पाहिलं. मला ते पूर्ण पाठ आहे. ओहोटी टाकली की कासव मरणार, कासव मेलं की देवमासा परत येणार, आणि पुढच्या डावात देवमासा माझा शेवटचा दिवा विझवणार. हातात देवमाशाला अडवणारं काही नव्हतं. म्हणजे मी हरले होते. हे सगळं मला पत्ता टाकायच्या आधी स्पष्ट दिसत होतं. तरी टाकला, कारण दुसरं काही टाकण्यासारखं नव्हतं. इथवर काही वावगं नाही.

मग त्यांनी पाचही पत्ते एका हाताने गोळा केले. चेहरा पडला होता. कासव सगळ्यांत खाली गेलं. मी वाट पाहिली. ते ढीग स्मशानात ठेवायला लागले आणि क्षणभर त्यांचा हात थांबला, जणू काहीतरी आठवतंय. तेव्हा मी म्हणाले, “किती छान कव्हरं आहेत हो, कुठून घेतलीत?”

त्यांचा चेहरा खुलला. “माझ्या मुलीने पाठवली. लाटांची नक्षी आहे बघा.” आणि पत्ते ठेवून दिले. मी लगेच पुढचा पत्ता ओढला.

सहा वर्षांत मी त्यांच्या कव्हरांबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आजूबाजूला कोणी नव्हतं. होनोका खायला आणायला गेली होती, नागामी गल्ल्यावर होते.

ही चोरी आहे. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नागामींना संदेश लिहिला. कामामुळे हिरोशिमाला जाता येत नाही, माझी जागा कादोवाकी-सानांना द्यावी. वाचला. पुसला.

का पुसला, तेही लिहिते. पहिलं कारण मी स्वतःला असं दिलं की, कामाचं निमित्तही खोटंच आहे, मग एकावर दुसरं खोटं कशाला. किती सोयीचा प्रामाणिकपणा. दुसरं, ते हल्ली दोन दोन जीव मांडतात, तिथे जाऊन पहिल्याच फेरीत हरतील, वाईट वाटेल त्यांना. त्यांची काळजी करायला निघाले होते मी. तिसरं आणि खरं कारण म्हणजे मला जायचं होतं.

दुपारी पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. दुकान सात वाजता बंद होतं. सातला पाच मिनिटं असताना मी भांडी घासायला घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांनी निरोप दिला. होनोकाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “चादरी ओढून या सगळ्यांच्या.” कादोवाकी-सानांनी कागदात गुंडाळलेली ‘आगो’ दिली, आमच्याकडे उडत्या माशाचा वाटून भाजलेला लांबडा रोट मिळतो ना, तोच. “बसमध्ये खा. तिथल्या दुकानांत रांगा असतात म्हणे, पोट रिकामं राहिलं की चुका होतात.”

मी घेतली. नको कसं म्हणणार.

मग त्यांनी हळूच विचारलं, “वही बघितलीत का?”

“राहूनच जातंय.”

“असू दे, असू दे. आधी हिरोशिमा.” जाताना म्हणाले, “मी मुलीलाही सांगितलं, कव्हरांचं कौतुक झालं म्हणून.”

१६ नोव्हेंबर, रविवार. परतीच्या बसमध्ये

चारपैकी एक सामना जिंकले. सभागृह मोठं आहे. एवढंच सांगता येईल.

जिंकलेल्या त्या सामन्याबद्दल लिहायचं आहे. समोर तिशीतला एक जाडजूड माणूस होता, सारखा घड्याळ बघणारा, अजिबात गोड नाही. माझा एक पत्ता टेबलावर मांडलेला होता. त्यामुळे दर डावाच्या सुरुवातीला मला एक जादा पत्ता ओढावाच लागतो. मी विसरले आणि पुढे खेळायला लागले. तो वैतागून म्हणाला, “ओढा ना. जादा पत्ता.”

मी ओढला. पुढच्या डावात पुन्हा विसरले. माझं लक्षच नव्हतं.

“बाई, कितीदा सांगायचं? ओढा.”

त्या दुसऱ्या पत्त्यावरच मी जिंकले. त्याने खांदे उडवले, निकालाच्या चिठ्ठीवर सही केली आणि उठला. मी विचारलं, “तुम्ही कशाला आठवण केलीत?” त्याला प्रश्नच कळला नाही. “सक्तीचं आहे ते,” म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

काही थोर वगैरे केल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. मला तिथेच, हजार माणसांत, कानापर्यंत गरम झालं. पुढचे दोन सामने कसे हरले ते आठवत नाही.

आगो अजून पिशवीत आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सांगितलं. क्रमाने लिहिते.

दुकान उघडायच्या वेळी गेले. कादोवाकी-सान, नागामी आणि होनोका, तिघंच होते. होनोकाने विचारलं, “काय मग, कसं झालं?” मी म्हटलं, “आधी उजळणी.”

कादोवाकी-सानांना इतका आनंद झाला की त्यांनी उभ्याउभ्याच पत्त्यांची पेटी उघडली. मी वही काढून त्यांचे पाच जीव सांगितले. त्यांनी मांडले. कासव, दोन खेकडे, वाम, देवमासा. “दोनच खेकडे होते तर,” ते म्हणाले. मी माझा एक दिवा ठेवला आणि ओहोटी टाकली.

त्यांनी पत्ते गोळा करायला हात पुढे केला. मी म्हटलं, “थांबा. कासव.”

ते कासवाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते उचलून वाचलं, अकरा वर्षांत हजार वेळा वाचलेलं. “अरेच्चा,” म्हणाले. “अरेच्चा. देवमासा परत येतो की.” त्यांनी चार पत्ते बाजूला केले, देवमासा पुन्हा टेबलावर ठेवला आणि माझ्या दिव्याकडे बोट केलं. “म्हणजे मी जिंकलो होतो. पाचवा मांडला ते बरोबरच होतं.” ते होनोकाकडे वळले. “ऐकलंस का, बरोबर होतं.”

“मी तेच सांगत होते,” होनोका म्हणाली.

“दोघंही विसरलो,” ते हसत मला म्हणाले. “तुम्ही पण, मी पण. काय हे.”

इथे मला गप्प बसता आलं असतं. त्यांनी दार उघडूनच दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर दोन श्वास मी गप्प बसलेही. मग म्हटलं, “मी विसरले नव्हते. मला माहीत होतं. तुमचा हात थांबला तेव्हा मी मुद्दाम कव्हरांचं विचारलं.”

नागामींनी हातातला खोका खाली ठेवला.

कादोवाकी-सान म्हणाले, “मला एकदा वाटलं होतं, त्यात कासव असावं. पण म्हटलं, असतं तर फुकुमा-सानांनी सांगितलं असतं. म्हणून ते मी सोडून दिलं.”

मी खाली वाकले आणि वाकलेलीच राहिले, कारण वर बघायचं धैर्य नव्हतं. होनोका म्हणाली, “आणि हे दीड महिना दोन दोन मांडून हरत होते ते बघत बसलात?” आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

नागामींनी सांगितलं की आता निकाल बदलता येणार नाही, पण वर कळवलं तर माझ्यावर बंदी येईल. “कळवायचं का, ते कादोवाकी-सान म्हणतील तसं.”

“नको,” ते म्हणाले. “मग इथे खेळायला माणसं कमी पडतील.” पत्ते पेटीत भरताना त्यांनी कव्हरं एकदा उलटून पाहिली आणि मला विचारलं, “तुम्हाला आवडली नव्हती मग?”

नक्षी कशी आहे हे मी तेव्हा पाहिलंही नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सांगितल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. तीन दिवस वाट पाहिली.

३० नोव्हेंबर, रविवार

जावं की नाही, असा विचार करत शेवटी गेले. न जाणं म्हणजे पुन्हा पळणं झालं असतं.

कादोवाकी-सान नेहमीसारखे होते. “थंडी पडली हो एकदम,” म्हणाले. हिरोशिमाचं सभागृह केवढं होतं ते विचारलं, मी सांगितलं. पहिल्या फेरीत ते होनोकाशी खेळले, सहा जीव मांडले आणि तिला धुऊन काढलं. ती हरली आणि खूश झाली.

दुसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या. तीन नंबरच्या टेबलावर कादोवाकी आणि फुकुमा.

बसलो. एकमेकांचे पत्ते पिसले, नमस्कार केला. मग कादोवाकी-सानांनी, चहा मागवावा इतक्या सहज, हात वर केला. “नागामी-सान, जरा येऊन बसता का इथे? आमचा खेळ बघायला.”

नागामींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची आणून टेबलाच्या कडेला बसले. दुकानात सामना चालू असताना कोणी दुकानदाराला बसवून घेत नाही. शेजारच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. कादोवाकी-सानांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी राग शोधला, सापडला असता तर त्याला धरून बसले असते.

त्यांनी पाच मांडले. माझ्याकडे ओहोटी आली, मी टाकली आणि त्यांनी हात लावायच्या आत मोठ्याने म्हणाले, “तुमचं कासव आहे.”

“हो, बघितलंय,” ते अदबीने म्हणाले. पण पत्त्याला हात लावला नाही. आधी नागामींकडे पाहिलं. नागामींनी वाकून कासव वाचलं, मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी स्मशानातून देवमासा उचलला.

हरले. निघताना नागामी गल्ल्यावरून म्हणाले की पुढच्या रविवारी आमची जोडी लागलीच तर ते आधीपासून मोकळे राहतील, कादोवाकी-सानांनी तसं विचारून ठेवलंय.